चूक कुठली, खरा फरक कुठला

डीएनए वाचणाऱ्या यंत्राकडून डेटा, म्हणजे लाखो रीड (डीएनएच्या अक्षरांच्या वाचलेल्या पट्ट्या), हाती पडला की आमच्याकडची मुलं थेट असेंबलर, म्हणजे त्या पट्ट्या जुळवून पूर्ण जीनोम उभा करणारा प्रोग्रॅम, सुरू करतात. मी त्यांना थांबवते: आधी के-मरचा हिस्टोग्राम, म्हणजे किती के-मर किती वेळा दिसतात याचा आलेख, काढा.

के-मर म्हणजे रीडमधला सलग के अक्षरांचा तुकडा. के 31 धरू. रीडच्या मधोमध एक अक्षर चुकलं की त्याला सामावून घेणारे 31 तुकडे बिघडतात. डी ब्रुइन ग्राफमध्ये, म्हणजे एकमेकांवर येणारे के-मर जोडून असेंबलर जे जाळं विणतो त्यात, तिथे वाट फुटते आणि थोडं पुढे परत मिळते. हा झाला बुडबुडा. आता आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या प्रतींत एकाच अक्षराचा फरक असेल, तर? अगदी तसाच बुडबुडा! आकारावरून काहीच कळत नाही, कळतं ते मोजणीवरून. खरा के-मर सरासरी 40 वेळा दिसत असेल, तर चुकीची फांदी एकदा-दोनदा दिसते आणि खऱ्या फरकाची वीसेक वेळा. हिस्टोग्राममध्ये हे डोळ्यांना दिसतं, म्हणून माझा एवढा आग्रह.

लांब रीडमध्ये 12 टक्के चुका असल्या की हा आधार सुटतो. 31 अक्षरं सलग बरोबर येण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के, म्हणजे 40 पट कव्हरेजमध्येही (प्रत्येक जागा सरासरी 40 वेळा वाचली तरी) खरा तुकडा सरासरी एकदासुद्धा धड दिसत नाही. के 15 केला तर सुमारे 15 टक्के तुकडे शाबूत राहतात. दोन रीड पाच हजार अक्षरांवर एकमेकांवर येत असतील, तर शंभरेक जागी दोघांचे तुकडे जुळतात, तेही एका ओळीत. ओव्हरलॅप शोधायला तेवढं पुरतं.

2016 मध्ये हेंग ली यांनी लांब रीड जुळवणारं साधन मिनिअ‍ॅसम आणलं. ते चुका दुरुस्तच करत नाही: आधी मांडणी, मग रेकॉनसारख्या साधनाने बहुमताची सफाई, म्हणजे प्रत्येक जागी बहुतेक रीड सांगतात ते अक्षर ठेवायचं. मला हा क्रम मनापासून पटतो. घाईने दुरुस्ती केली की जीनोममधल्या जवळजवळ सारख्या दोन प्रती एकमेकींसारख्या होऊन बसतात, आणि पुसलेला फरक मग परत मिळत नाही.

बहुमतालाही मर्यादा आहे. नॅनोपोरमधून, म्हणजे ज्या बारीक छिद्रातून डीएनए ओढून विद्युत सिग्नलवरून तो वाचतात त्यातून, सलग आठ-नऊ 'ए' जाताना सिग्नल फारसा बदलत नाही, त्यामुळे बरेच रीड एकाच दिशेने चुकतात. अशा ठिकाणी कव्हरेज दुप्पट करून उपयोग नाही. एक 'ए' गळला की जीनची फ्रेम (तीन-तीन अक्षरांनी वाचायची चौकट) सरकते आणि धडधाकट जीन तुटलेला दिसतो. म्हणून जिवाणूचा जीनोम जुळवून झाला की त्याची प्रथिनं जवळच्या प्रजातीच्या प्रथिनांशेजारी ठेवून लांबी बघा. बरीचशी अर्ध्यावर संपत असतील, तर जिवाणूवर काही लिहिण्याआधी सफाईकडे परत जा.