दोन सापांचा बिल्ला

धुळ्यात माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. शाळांचे बिल्ले, क्रिकेट संघांचे टी-शर्ट, डॉक्टरांचे कोट, हेच रोजचं. फेब्रुवारी लागला तसे सिग्नल कोअरमधून, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेतून निवृत्त झालेले एक सुभेदार ब्लेझर घेऊन आले. ही शाखा १५ फेब्रुवारी १९११ला उभी राहिली. त्या दिवसासाठी खिशावर बिल्ला हवा होता. लष्करी चिन्ह कुणालाही काढून द्यायचं नाही म्हणून आधी ओळखपत्र पाहिलं, मग कॉम्प्युटर उघडला.

बिल्ल्यावर मर्क्युरी, रोमन देवांचा निरोप्या. एका पायावर तोललेला, डोक्यावर पंखांचं शिरस्त्राण, टाचांनाही पंख, एका हातात दंड. वेळ वाचावा म्हणून पोऱ्याने दवाखान्याच्या फाइलमधला एका सापाचा दंड उचलून त्याच्या हातात दिला. सुभेदार अहिराणीत गरजले, "हाऊ डाक्टरना नही, आमना शे!"

मग चहा आला आणि वर्गच भरला. वैद्यकाचा दंड ॲस्क्लेपियसचा, म्हणजे ग्रीकांच्या वैद्यकदेवाचा: साप एक, पंख नाहीत. निरोप्याच्या दंडाला दोन साप आणि वर पंख. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय शाखेने १९०२ साली दोन सापांचा घेतला आणि घोळ जगभर पसरला. आमच्याच गल्लीतल्या दोन दवाखान्यांच्या पाट्यांवर पंखवाला दंड आहे. तिथे निरोप कोण कुणाला पोचवतं, देव जाणे!

मला विशेष वाटलं ते वेगळंच. इंग्रजांच्या सिग्नल शाखेचाही हाच मर्क्युरी. प्रजासत्ताकानंतर आपल्या बिल्ल्यावरचा राजमुकुट गेला, अशोकाचे सिंह आले, खाली देवनागरीत 'तीव्र चौकस', म्हणजे वेगवान आणि सावध. परदेशी देव मात्र राहिला. सुभेदारांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. "निरोप पोचाडस ना? मंग बस!"

खरी झुंज धाग्याशी होती. तीन इंचांत दोन सापांचे विळखे बसेनात. सॅटिन टाका, म्हणजे दाट भरीव टाका, एक मिलिमीटर रुंदीच्या खाली गेला की धागा गुंततो, कापडाला चुण्या पडतात. साप जाड केले तर दंडच दिसेना. शेवटी सापांना साधा धावता टाका दिला, दंडाला सॅटिन ठेवला, खाली दुहेरी बॅकिंग, म्हणजे आधाराचं अस्तर लावलं. पंखांना जरी वापरू का विचारलं, तर म्हणाले, "लगीनना शेरवानी शे का?" पिवळा रेशमी धागा घेतला. 'तीव्र'मधला 'व्र' वाचता यावा म्हणून बिल्ला चार इंचांचा करायला ते राजी झाले. वाढीव पैशांवरून मात्र बराच वेळ घासाघीस चालली.