पिकेटिंगला मनाई मागायची, पण कोणत्या कोर्टात?

गेटवर पिकेटिंग, म्हणजे कामगारांची निदर्शनं आणि पहारा, सुरू झालं की व्यवस्थापनाला एकच सुचतं: कोर्टातून मनाई हुकूम आणा. अमेरिकेत गाडी इथेच अडते. 1932 च्या नॉरिस-लागार्डिया कायद्याने कामगार वादात फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांचे हात बांधलेत. मनाई हवी तर खुल्या कोर्टात साक्षी, उलटतपासणी, शिवाय पोलीस पुरेसं संरक्षण देत नाहीत हेही दाखवायचं. समोरच्याला नोटीस न देता मिळालेला तात्पुरता हुकूम फार तर पाच दिवस टिकतो, तोही शपथेवरच्या साक्षीनंतर आणि हमी भरून.

मग राज्याच्या कोर्टात जावं? तिथे सुप्रीम कोर्टाचा 1959 चा गार्मन निकाल आडवा येतो. वर्तन राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याच्या कलम 7 (कामगारांचे संरक्षित हक्क) किंवा 8 (मनाई असलेल्या अनुचित प्रथा) मध्ये बसतं असं म्हणायला नुसती जागा असली, तरी विषय केंद्राच्या कामगार संबंध मंडळाचा, राज्याच्या कोर्टाचा नाही. मारहाण, धमक्या, वाट अडवणं मात्र राज्याचं कोर्ट थांबवू शकतं. म्हणूनच अर्जात 'बेकायदा पिकेटिंग' असं मोघम लिहिणं घातक. कोणतं गेट, किती वाजता, कोणता ट्रक अडवला, ते लिहा.

युनियनबरोबरच्या करारात संप न करण्याची अट आणि वाद लवादाकडे नेण्याची सोय दोन्ही असतील, तर 1970 च्या बॉइज मार्केट्स निकालाने फेडरल कोर्टाचं दार किलकिलं होतं. सहानुभूतीच्या, म्हणजे दुसऱ्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी केलेल्या, संपासाठी ते 1976 पासून बंदच आहे.