सर शिकवत असताना पाण्याकडे कोण बघतं?

लेकीला पोहायला घातलं तेव्हा फॉर्म, टोपी, गॉगल सगळं एका दिवसात झालं. गाडी अडली ती पुढे, एका साध्या प्रश्नावर.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बारा मुलं उथळ भागात काठ धरून ओळीने उभी होती. सर एकाच्या पोटाखाली हात देऊन किकिंग शिकवत होते, बाकीच्यांकडे पाठ. लेकीचा काठावरचा हात सुटला. ती ओरडली नाही. मान मागे गेलेली, तोंड पाण्याच्या रेषेवर, दोन्ही हात पाणी खाली दाबतायत, बस. शेजारचा मुलगा खिदळत होता. मी काठाशीच बसले होते म्हणून वाकून दंड धरला. सर वळलेही नव्हते. बुडणारं मूल आरडाओरडा करेल असंच मला वाटायचं. ज्याला श्वास घेता येत नाही, ते हाक कुठून मारणार?

ऑफिसात विचारलं, सर शिकवत असताना बाकीच्यांवर नजर कोणाची? "सर आहेत ना मॅडम." म्हटलं, फक्त पाण्याकडे बघणारा वेगळा जीवरक्षक हवा. "अर्ज द्या." दिला. आठवड्याने गेले तर अर्ज साहेबांकडे. पुढच्या आठवड्यात साहेब बाहेर. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "आजवर काही झालंय का?" ते वाक्य मला अजून सलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यांतली साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं. दुसऱ्या अर्जात मी हे लिहिलं आणि पाच पालकांच्या सह्या घेतल्या. मग कुठे काठावर उंच खुर्ची आली आणि तिच्यावर माणूस बसला.

तोवर आम्ही पालकांनी पाळ्या लावल्या होत्या. वीस मिनिटं एकाने फक्त पाण्याकडे बघायचं, मोबाइल बॅगेत, गप्पा नाहीत. सगळे बघतायत म्हटलं की कोणीच बघत नसतं. जीवरक्षक असला तरी हे सोडू नका. पोहता न येणारं लहान मूल पाण्यात असेल तर तुम्हीही पाण्यात, हाताच्या अंतरावर. म्हणूनच नाव घालण्याआधी अर्धा तास नुसतं बसून एक बॅच बघा. मी बघितली नव्हती.

दंडावरच्या हवेच्या पट्ट्या आम्ही पहिल्याच आठवड्यात काढल्या. त्यांनी मूल उभं तरंगतं आणि आपल्याला पोहता येतं असं त्याला वाटू लागतं. आधी पाण्यात तोंडाने बुडबुडे सोडायला, मग उताणं तरंगायला, मग वळून काठ धरायला शिकवा. हात मारणं नंतर. उताणं व्हायला लेकीने पाच आठवडे घेतले. मानेखालचा माझा तळवा काढला की ती ताठ व्हायची, आणि मी घाई केली की आणखी ताठ.

एक राहिलं. घराच्या आवारात पूल असेल तर चारही बाजूंनी किमान चार फूट कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच. खेळणी पाण्यात ठेवू नका, मूल त्यांच्यामागे जातं. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पूल बघा. आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रथमोपचार, शिकून घ्या. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो, हे मला ते शिकतानाच कळलं.

परवा लेकीने काठावरून उडी मारली, वर आली, उताणी झाली, वळली आणि काठ धरला. मी खुर्चीकडे बघितलं. तो माणूस उभा होता, नजर तिच्यावर.