मिटलेले शिणाणे

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. रत्नागिरीच्या खडपांवरून ओहोटीला काढून आणलेले शिणाणे, म्हणजे धाग्यांनी खडकाला चिकटून राहणारे शिंपले (मालवणकडे यांनाच काकई म्हणतात), मी सहा टाक्यांत ठेवले होते, प्रत्येकीत वीस. एकीत नुसतं गाळलेलं समुद्राचं पाणी, बाकी पाचांत चढत्या प्रमाणात तांबं, लिटरला 25 मायक्रोग्रॅमपासून 400 पर्यंत. 96 तासांची चाचणी. रोज सकाळी मेलेले मोजून काढायचे आणि पाणी बदलायचं.

तांबंच का, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांमुळे. तळाला जीव चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं. पूर्वी अशा रंगांत कथिलाचं एक संयुग, टीबीटी, वापरायचे. त्यानं फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची शेती बुडवली होती. 2008 मध्ये त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली आणि भार तांब्यावर आला.

तिसऱ्या सकाळी मोजायला गेले. 100च्या टाकीत सात शिणाणे तोंड वासून पडलेले, बोट लावलं तरी मिटत नव्हते. 400च्या टाकीत एकही मेलेला नाही. पोटात खड्डा पडला. लेबलं उलटी लागली असणार! बाटल्या पाहिल्या, वही पाहिली, गणित पुन्हा केलं. सगळं बरोबर. दोन महिन्यांची तयारी फुकट गेली असं धरून मी टाक्या रिकाम्या करायला निघाले होते.

सरांनी थांबवलं. म्हणाले, "काही ओतू नकोस. आज रात्री इथेच थांब आणि प्रत्येक टाकीत किती उघडे, किती मिटलेले, ते दर अर्ध्या तासाला लिही."

साध्या पाण्यातले शिणाणे शिंपा किंचित उघडून बसले होते. कडेची झालर हलत होती. त्यांनी काचेला धागे टाकून स्वतःला बांधून घेतलं होतं. 100च्या टाकीतले उघडायचे, दचकून मिटायचे, पुन्हा उघडायचे. श्वासासाठी उघडावं लागत होतं आणि दर वेळी तांबं आत जात होतं. 400च्या टाकीत मात्र हालचालच नव्हती. पहिल्या तासालाच त्यांनी दार लावून घेतलं असावं, आणि आत प्राणवायूवाचून, अंगात साठवलेल्या ग्लायकोजेनवर (पिठासारख्या साठ्यावर) ते तग धरून होते. पहाटे चारपर्यंत मी लिहीत राहिले. झोप आली नाही.

नंतर मांस आम्लात विरघळवून तांबं मोजलं. 100च्या टाकीतल्यांत ते 400च्या टाकीतल्यांपेक्षा जास्त निघालं.

अमेरिकी सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये किनाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी शिणाण्यांसारखे जीव सुचवले, ते एका जागी राहून पाणी गाळतात म्हणून. पण पाणी गाळायचं की नाही हे तो जीवच ठरवतो, हे मी त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना मी नुसती मेलेल्यांची संख्या आणू देत नाही. उघडे किती, पाणी किती गाळलं, धागे किती टाकले, हेही लागतं. चार दिवसांची चाचणी "सुरक्षित" म्हणाली तर माझा तिच्यावर विश्वास बसत नाही.

पाचव्या दिवशी 400च्या टाकीतले, तांबं मोजायला घेतलेले सोडून, बाकी सगळे मी स्वच्छ पाण्यात सोडले होते. संध्याकाळपर्यंत ते एकेक करून उघडले. आठवडाभर रोज काचेवरून बोट फिरवून पाहिलं. त्यांतल्या एकानंही धागा टाकला नव्हता.