पिंपात मुरलेली वीस वर्षं

पोर्तोला येऊन मला चार वर्षं होत आली. ऑफिस शहरात आणि घर नदीपलीकडे गायामध्ये, त्यामुळे रोज संध्याकाळी १८८६ सालच्या दोम लुईश पुलावरून चालत घरी जाते. पूल संपला की खालच्या उतारावर पोर्टची, म्हणजे इथल्या गोड वाइनची, लाल कौलांची लांबच लांब गोदामं दिसतात. त्या गल्ल्यांत शिरलं की वास येतो, ओलसर लाकडाचा आणि मनुकांचा. लाकडातून दरवर्षी थोडी वाइन उडून जाते, तिचाच हा वास. मला तो इतका आवडतो की लांबचा रस्ता असूनही मी त्याच गल्लीने जाते.

पोर्टच्या बॅरलला इथे ‘पीपा’ म्हणतात. आपलं पिंप ते हेच! शब्द इथूनच आपल्याकडे आला. हे कळलं त्या दिवशी उगाचच घरी आल्यासारखं वाटलं होतं.

पोर्ट इतकी गोड कशी, हे मला सप्टेंबरात मळ्यावर गेल्यावर नीट समजलं. सांव बेंतूच्या स्टेशनवरून गाडी दोउरो नदीच्या काठाकाठाने पिन्यांवला जाते. तिथल्या स्टेशनच्या भिंतींवरही द्राक्षतोडणीचीच चित्रं आहेत, निळ्या-पांढऱ्या फरशांवर. दोन्ही बाजूंचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांचे केलेले. माती जवळजवळ नाहीच, पाटीसारखा थराथरांचा दगड आहे आणि वेलींची मुळं त्याच्या फटींतून पाण्याच्या शोधात खोल जातात. या मुलखाची हद्द १७५६ साली पोर्तुगालचे तेव्हाचे कर्तेधर्ते मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या काळात ठरवली गेली, आणि त्या वेळी रोवलेले ग्रॅनाइटचे खांब अजून काही मळ्यांत उभे आहेत.

रात्री आम्ही द्राक्षं तुडवायला उतरलो. ग्रॅनाइटचा उथळ हौद, मांडीपर्यंत लगदा. पहिले दोन तास एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांगेत, एकाच्या हुकमावर, डावा-उजवा असं संथ चालायचं. मग अकॉर्डियन सुरू होतं आणि ज्याने त्याने हवं तसं नाचायचं. पायच का? पायाखाली साल फुटते, रंग सुटतो, पण बी फुटत नाही, म्हणून रस कडवट होत नाही. वरचा रस गार आणि तळाशी कोमट लागत होता, कारण आंबायला सुरुवात झाली होती. पोटऱ्यांचा जांभळा रंग दोन दिवस गेला नाही.

हा रस दोन-तीन दिवसच आंबू देतात. साखर साधारण निम्मी उरली की त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, म्हणजे बरोबर ५५० लिटरचं एक पिंप भरतं. यीस्ट तिथेच मरतं आणि राहिलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि तरीही १९ ते २२ टक्क्यांची. साध्या वाइनसारखा मोठा ग्लास भरून ती प्यायची नसते.

प्यायला शिकवलं ते आमच्या शेजारच्या आजींनी. त्यांनी उभं आयुष्य एका गोदामात काढलंय. पहिल्यांदा मी घोट घेतला तर त्या म्हणाल्या, “देव्हगार.” म्हणजे सावकाश. ग्लास हातातून घेऊन त्यांनी पांढऱ्या रुमालावर तिरका धरला. ती वीस वर्षांची टॉनी होती. मध्यभागी विटकरी आणि कडेला मधासारखी, अगदी टोकाला हिरवट झाक. मग शेजारी रूबी ओतली, ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. रूबी मोठ्या टाक्यांत हवेपासून जपतात, टॉनी लहान पिंपांत हवा खात मुरते. तेवढ्याने रंगही बदलतो आणि चवही. रूबीत ताजी फळं लागतात. टॉनीत अक्रोड, सुकं अंजीर, वाळलेली संत्र्याची साल, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ जिभेवर राहणारी जळक्या साखरेची चव. वीस वर्षं म्हणजे एकाच सालची वाइन नव्हे. वेगवेगळ्या वयांची पिंपं मिसळून ती चव जुळवतात, आणि माझ्या मते खरं कसब तेच आहे. एकाच सालच्या महागड्या व्हिंटेज पोर्टपेक्षा मला टॉनीच जास्त भावते. थोडी गार करून, सेर्रा दा एस्त्रेलाच्या मेंढीच्या मऊ चीजबरोबर घेऊन बघा.

उन्हाळ्यात इथे पांढरी पोर्ट टॉनिक आणि बर्फ घालून पितात, आणि जेवताना हलकी, आंबटसर विन्यू व्हेर्द नावाची वाइन. दोन्ही छान, पण संध्याकाळ खरी टॉनीची.

व्हिंटेजची रीत निराळी. फक्त उत्तम सालची द्राक्षं, लाकडात दोन-तीन वर्षं, आणि मग बाटलीत कित्येक दशकं. आजींचा नातू २०११ साली जन्मला आणि ते साल फार चांगलं निघालं. त्या सालची एक बाटली त्यांनी जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवलीय. आत गाळ एका कुशीला बसतो, तो हलू नये म्हणून वरच्या बाजूला खडूने रेघ ओढलीय. उघडायची ती नातवाच्या लग्नात, आदल्या दिवशी उभी करून आणि मग हलक्या हाताने निथळून. परवा कपाट झाडायला मी मदत केली. आजींनी बाटलीला हातही लावू दिला नाही. आजूबाजूची धूळ पुसली, रेघ पुसट झाली होती ती पुन्हा ओढली, आणि दार लावून घेतलं.