अरुंडेल: ज्यांची मस्तके गेली, त्यांच्याकडेच राज्याभिषेकाची व्यवस्था

इंग्लंडचे उमराव आणि तेथील राजसत्ता यांचे नाते एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर विंडसरच्या गर्दीपेक्षा वेस्ट ससेक्समधले अरुंडेल हे लहानसे गाव मला अधिक बोलके वाटले. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून आगगाडीने साधारण दीड तासात तेथे पोहोचता येते आणि स्थानकापासून अरुण नदीचा पूल ओलांडून पायी दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याशी जाता येते. किल्ला साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच खुला असतो आणि सोमवारी बहुधा बंद असतो, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वार व तिकिटाचे प्रकार पाहून घ्यावेत.

आवार सकाळी दहाला उघडते, पण आतली दालने दुपारी बाराला. मधला वेळ आवारातल्या फिट्झॲलन चॅपलला, म्हणजे उमराव घराण्याच्या खासगी प्रार्थनामंदिराला द्यावा, कारण माझ्या मते येथे सर्वांत मोलाचे तेच आहे. 1435 साली फ्रान्समधील लढाईत पायाला गोळा लागून मरण पावलेल्या अरुंडेलचा अर्ल (उमरावाची एक पदवी) जॉन फिट्झॲलन याची तेथील समाधी दुमजली आहे: वर चिलखत घातलेला योद्धा आणि खाली त्याचेच बरगड्या मोजता येतील असे सुकलेले प्रेत. 1857 साली थडगे उघडले, तेव्हा सांगाड्याला एक पाय नव्हता.

फिट्झॲलन घराण्याची वारस कन्या हॉवर्ड घराण्यात दिली गेली आणि किल्ला त्या घराण्याकडे, म्हणजे नॉरफोकच्या ड्यूकच्या वंशाकडे आला. या हॉवर्डांचा इतिहास म्हणजे राजाच्या मर्जीचा चढउतार. पहिला ड्यूक 1485 साली बॉसवर्थच्या रणांगणावर तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना पडला आणि ड्यूकपद गेले. त्याच्या मुलाने 1513 साली फ्लॉडन येथे स्कॉटलंडच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा पुढच्या वर्षी ते परत मिळाले. तिसऱ्या ड्यूकच्या दोन भाच्या-पुतण्या, ॲन बोलिन आणि कॅथरीन हॉवर्ड, आठव्या हेन्रीच्या राण्या झाल्या आणि दोघींचाही शिरच्छेद झाला. खुद्द तो मात्र वाचला, कारण त्याच्या शिक्षेची वेळ येण्याआधीच, जानेवारी 1547 मध्ये, राजा मरण पावला. चौथ्या ड्यूकला स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिच्याशी विवाहाचा बेत भोवला आणि 1572 साली पहिल्या एलिझाबेथने त्याचे मस्तक उडवले. तरीही 1660 साली पदवी परत मिळाली, 1672 साली अर्ल मार्शल हे, शाही समारंभांची व्यवस्था पाहणारे, पद वंशपरंपरेने लागू झाले आणि 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाची व्यवस्था याच घराण्यातील अठराव्या ड्यूकने पाहिली.

बुरुजावर चढणाऱ्यांनी शंभराहून अधिक, अरुंद पायऱ्यांची तयारी ठेवावी. गुडघे दुखत असतील तर तो सोडला तरी फारसे बिघडत नाही. दालनांबाबत एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात किल्ल्याची मोठी पडझड झाली होती आणि आज दिसणारे बरेचसे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे. 1846 साली व्हिक्टोरिया राणी मुक्कामाला आली, तेव्हा तिच्यासाठी घडवलेला पलंग येथे पाहायला मिळतो. स्कॉटलंडच्या त्याच मेरी राणीने वधस्तंभाकडे जाताना जवळ बाळगलेली सोन्याची जपमाळ मात्र आता नाही. 2021 साली चोरांनी ती पळवली.

बाहेर पडल्यावर थेट स्थानक न गाठता शेजारचे कॅथीड्रल पाहावे. चौथ्या ड्यूकचा मुलगा फिलिप हॉवर्ड कॅथलिक श्रद्धा सोडायला तयार झाला नाही, म्हणून दहा वर्षे लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत अडकून पडला आणि 1595 साली तेथेच वारला. 1970 साली त्याला संतपद मिळाले आणि त्याचे अवशेष येथे आहेत. त्याच रस्त्यावरच्या सेंट निकोलस चर्चमध्येही डोकवावे, कारण ते आणि फिट्झॲलन चॅपल या एकाच इमारतीच्या दोन बाजू आहेत: एक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची, दुसरी ड्यूकची कॅथलिक, आणि मध्ये लोखंडी जाळी व काच. तिकीट न काढता चॅपलचे दर्शन तेथून होते.