बाबांचा कंपवात आणि चिंतेवरची गोळी

माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. लेव्होडोपा या त्यावरच्या मुख्य औषधामुळे सुरुवातीची काही वर्षे हातपाय मोकळे राहिले; पुढे मात्र गोळीचा असर भरात आला की मान आणि खांदे आपोआप वळवळू लागले, आणि चार लोक पाहतील या धास्तीने बाबांनी घाटंजीच्या बाजारात जाणेच सोडले.

चिंतेवरची औषधे शोधताना बसपायरोनविषयी वाचनात आले. अमेरिकेत 1986 साली मंजूर झालेले हे औषध झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावत नाही, मात्र त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. कंपवातात डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारे मेंदूतले रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा लेव्होडोपाचे डोपामिन करण्याचे काम मेंदूतल्या सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशीही करू लागतात. पण किती सोडायचे यावर त्यांचा ताबा नसतो, दार नसलेल्या कालव्यासारखे ते वाहते. बसपायरोन या पेशींना आवरते. मारिओस पोलिटिस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली पेट स्कॅनद्वारे (मेंदूतल्या रसायनांच्या हालचाली दाखवणाऱ्या चित्रणाद्वारे) दाखवले, की लेव्होडोपाआधी बसपायरोन दिल्यास डोपामिनची ही उसळी आणि वळवळ दोन्ही कमी होतात. अभ्यासातले रुग्ण थोडेच होते, म्हणून मी त्या अभ्यासाचा कागद औषधाच्या दुकानात न नेता नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेला.

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि वही मागितली: गोळी केव्हा घेतली, जेवण केव्हा झाले, वळवळ केव्हा सुरू झाली. सोबत घरातले प्रत्येक औषध आणायला सांगितले. मी रिकाम्या स्ट्रिपा वहीत चिकटवल्या आणि शेजारच्या काकांनी मोठ्या मायेने दिलेली खाजकुयलीच्या बियांची पूडही पिशवीत टाकली. खरा उलगडा या पिशवीतूनच झाला. त्या बियांत मुळातच लेव्होडोपा असते, म्हणजे बाबांच्या पोटात न मोजलेला डोस जात होता. दुपारची गोळी वरणभातासोबत घेतल्यावर लागू पडत नसे, कारण प्रथिने तिचे शोषण अडवतात. आणि एक स्ट्रिप रासाजिलिन या कंपवातावरच्याच दुसऱ्या औषधाची होती. ते ज्या वर्गातले आहे (एमएओ रोधक), त्या वर्गातल्या औषधांसोबत बसपायरोन देत नाहीत.

डॉक्टरांनी पूड बंद केली, दुपारची गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायला सांगितली, रासाजिलिन थांबवून दोन आठवडे जाऊ दिले, आणि मगच बसपायरोन अगदी कमी प्रमाणात सुरू केले. ते चिंतेसाठी आहे, वळवळीसाठी प्रचलित औषध अमँटाडिन आहे आणि गरज पडल्यास ते नंतर पाहू, असे त्यांनी बाबांनाच समोर बसवून समजावले. ही गोष्ट मला फार आवडली, कारण एरवी सगळे माझ्याशीच बोलतात.

आता बाबा बाजारात जातात, भाजीचा भावही करतात. वळवळही कमी आहे. पण पूड, गोळीची वेळ आणि औषधे असे सारे एकापाठोपाठ बदलल्यामुळे त्याचे श्रेय बसपायरोनला देता येणार नाही. त्यासाठी काही रुग्णांना औषध आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन केलेली मोठी चाचणीच हवी.